दातांत धरलेली जर्सी

१४ ऑगस्ट २०१४. झुरिकचं लेत्सिग्रुंड स्टेडियम, युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा, पुरुषांची ३,००० मीटर स्टीपलचेस. शेवटच्या फेरीचं शेवटचं वळण संपलंय आणि फ्रान्सचा माहिएदीन मेखिसी-बेनाबाद सगळ्यांना मागे टाकून एकटाच सरळ पट्ट्यात शिरलाय. समोर एक अडथळा आणि त्यापुढे अंतिम रेषा, एवढंच काय ते उरलंय. इथे हा गडी पळता पळता अंगातली जर्सी डोक्यावरून ओढून काढतो. हात मोकळे हवेत म्हणून ती दातांत धरतो, उघड्या अंगाने तो शेवटचा अडथळा पार करतो आणि सगळ्यांच्या आधी रेषा ओलांडतो.

त्या शर्यतीचा अधिकृत निकाल आज उघडून पाहिला तर सुवर्णपदकासमोर नाव दिसतं योआन कोवालचं. मेखिसीच्या नावापुढे वेळ नाही, क्रमांक नाही, तो बाद.

अडथळ्यांच्या शर्यतींत जिंकता जिंकता हरल्याच्या कहाण्या पुष्कळ आहेत. कुणी शेवटच्या उडीत घसरतो, कुणी पाण्यात कोसळतो. हे प्रकरण त्यात वेगळं आहे. इथे पाय घसरला नाही, दम संपला नाही, मागून येऊन कुणी गाठलंही नाही. विजय पुरता हाती आला होता, आणि तो हिरावून घेण्याची ताकद त्या क्षणी मैदानावर फक्त एकाच माणसात होती. तो माणूस स्वतः मेखिसी.

शर्यत कसली असते

स्टीपलचेस म्हणजे लांब पल्ल्याचं धावणं आणि उड्या मारणं यांचं जरा विचित्रच लग्न आहे. ३,००० मीटरमध्ये एकूण ३५ अडथळे: २८ साधे, ७ पाण्याचे. पुरुषांसाठी उंची ९१.४ सेंटीमीटर. ११० मीटर हर्डल्समधला अडथळा पाय लागला की पडतो आणि धावपटू पुढे जातो. स्टीपलचेसचा अडथळा पडत नाही. तो ८० ते १०० किलो वजनाचा, वर १२.७ सेंटीमीटर जाडीची चौकोनी तुळई असलेला लाकडी ओंडकाच म्हणा ना. त्याला गुडघा लागला तर गुडघा हरतो. म्हणूनच बरेच जण साध्या अडथळ्यावरून सरळ उडी घेतात, पण पाण्याच्या अडथळ्यावर पाय ठेवून पलीकडे झेप घेतात, पुढे ३.६६ मीटर लांबीचा पाण्याचा खड्डा असतो, अडथळ्याच्या पायथ्याशी खोल आणि पुढे उथळ होत जाणारा.

एका फेरीत पाच अडथळे, त्यात चौथा पाण्याचा. पाण्याचा खड्डा ट्रॅकच्या आतल्या बाजूला असेल तेव्हाची एक नमुना आखणी नियमपुस्तकात दिलेली होती. तिच्यात फेरी ३९० मीटरची, दोन अडथळ्यांमध्ये ७८ मीटर, आणि फेरीतल्या शेवटच्या अडथळ्यापासून अंतिम रेषा ६८ मीटरवर. हा ६८ चा आकडा लक्षात ठेवा. दमलेला, पण जिंकत असलेला चांगला धावपटू तेवढं अंतर साधारण दहा सेकंदांत कापतो. म्हणजे जर्सी काढायला मेखिसीने आणखी दहा-बारा सेकंद थांबायचं होतं. सव्वाआठ-साडेआठ मिनिटांच्या शर्यतीतले दहा-बारा सेकंद.

आता तो शेवटचा अडथळा डोळ्यांसमोर आणा. जवळपास तीन किलोमीटर झाले आहेत, ३४ उड्या मारून झाल्या आहेत, मांड्या दगड झाल्या आहेत, छाती भात्यासारखी वरखाली होतेय. या घटकेला धावपटूला सगळ्यात जास्त गरज कशाची, तर हवेची. आणि या माणसाने नेमकं तोंडच कापडाने बंद करून घेतलंय! वर त्याच्या आधीच्या काही पावलांत डोकं आणि दोन्ही हात जर्सीत अडकलेले. क्षणभर का होईना, समोरचं दिसत नव्हतं. तोल जाऊन त्या तुळईवर आपटला असता तर निकाल वेगळ्या कारणाने बदलला असता. पण नाही. उडी अगदी साफ बसली. खरं तर हे त्याच्या कौशल्याचं प्रमाणपत्रच होतं: इतका वरचढ होता की दातांत जर्सी धरूनही तो युरोपातल्या बाकीच्या सर्वांना भारी पडला. आणि हा वरचढपणाच या चुकीच्या मुळाशी होता असं मला वाटतं.

कोण होता हा

मेखिसी काही नवशिका नव्हता. जन्म १९८५ चा, रांस शहरातला. झुरिकला उतरला तेव्हा २९ वर्षांचा. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये रौप्य, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पुन्हा रौप्य, २०११ आणि २०१३ च्या जागतिक स्पर्धांत कांस्य. स्टीपलचेस ही अनेक वर्षं केनियाची खासगी मालमत्ता असल्यासारखी होती. त्यांच्या रांगेत घुसून सातत्याने पदक काढणारा हा युरोपीय. २०१३ साली पॅरिसमध्ये त्याने ८ मिनिटं ००.०९ सेकंद अशी वेळ नोंदवून युरोपीय विक्रम केला होता. युरोपीय अजिंक्यपदाचं सुवर्ण २०१० मध्ये बार्सिलोनात आणि २०१२ मध्ये हेलसिंकीत त्यानेच नेलं होतं. झुरिकला लागोपाठ तिसरं मिळायचं होतं, आणि त्याच्या तोडीचं समोर कोणी नव्हतं.

स्वभाव मात्र तापट आणि नाटकी. २०१० मध्ये जिंकल्यावर त्याने स्पर्धेच्या शुभंकराला, म्हणजे त्या सोंगातल्या माणसाला, गुडघ्यावर बसायला लावून ढकलून दिलं. २०१२ मध्ये हेलसिंकीत पुन्हा शुभंकराशी धक्काबुक्की. त्या वेळी सोंगाच्या आत चौदा वर्षांची मुलगी होती. २०११ मध्ये मोनॅकोत १,५०० मीटरची शर्यत संपल्या संपल्या आपल्याच देशाच्या मेहदी बालाशी ट्रॅकवर हाणामारी झाली. त्यामुळे झुरिकनंतर पुष्कळांनी ‘हा असाच आहे’ म्हणून विषय मिटवला. मला हे स्पष्टीकरण आळशी वाटतं. स्वभाव तापट असला तरी रागाच्या भरात कुणी जर्सी काढत नाही. ती आनंदात काढली जाते, आणि आनंदात केलेल्या चुकांचा अभ्यास आपण फार कमी करतो.

रेषेनंतरचा तास

मेखिसीने रेषा ओलांडली. त्याच्यामागे त्याचाच देशबंधू योआन कोवाल, मग पोलंडचा क्रिस्तियन झालेव्स्की, मग स्पेनचा आंखेल मुलेरा. सुरुवातीला पंचांनी मेखिसीला पिवळं कार्ड दाखवलं. अ‍ॅथलेटिक्समध्ये पिवळं कार्ड ही ताकीद असते. निकाल त्याने बदलत नाही. म्हणजे त्या क्षणी प्रकरण ‘जरा जास्तच झालं, पुन्हा करू नकोस’ एवढ्यावर मिटलं होतं.

मग स्पेनने आक्षेप नोंदवला.

आक्षेप कुणाचा, तर चौथ्या आलेल्या धावपटूच्या संघाचा. हे प्रेक्षकांच्या सहसा ध्यानात येत नाही. आघाडीवरच्याच्या चुकीची सगळ्यात मोठी किंमत असते ती पदकाच्या उंबऱ्यावर उभ्या असलेल्या माणसासाठी. दुसऱ्या आलेल्याचं पदक बदलतं, तिसऱ्याचं बदलतं. चौथ्याला मात्र पदक ‘मिळतं’. त्यामुळे नियमपुस्तक सगळ्यात बारकाईने वाचणारा माणूस नेहमी चौथ्याच्या गोटात सापडतो. त्या काळच्या नियमांनुसार निकाल अधिकृतपणे जाहीर झाल्यापासून तीस मिनिटांच्या आत आक्षेप घ्यायचा, रेफरीचा निर्णय पटला नाही तर त्यापुढच्या तीस मिनिटांत अपील ज्युरीकडे लेखी जायचं, सोबत शंभर डॉलरची अनामत भरायची. अपील फेटाळलं गेलं तर ती अनामत जप्त. म्हणजे वेळ मोजका, पण कागद सोपा.

मेखिसी बाद ठरला. कोवाल पहिला, झालेव्स्की दुसरा, मुलेरा तिसरा. सुवर्ण फ्रान्समध्येच राहिलं, पण पहिल्या दोन जागांऐवजी फ्रान्सच्या वाट्याला एकच जागा उरली. यातला पेच बघण्यासारखा आहे: आता फ्रेंच संघाने मेखिसीसाठी भांडायचं म्हणजे आपल्याच कोवालच्या गळ्यातलं सुवर्ण काढा म्हणून भांडायचं. एका माणसाच्या दहा सेकंदांनी आख्ख्या संघाला अशा जागी नेऊन ठेवलं, की जिंकलं तरी हरल्यासारखंच.

त्या रात्री स्पेनवर खडूसपणाचा आरोप झाला. एवढा जिंकलेला माणूस, आणि तुम्ही शर्टावरून भांडता? मी इथे स्पेनच्या बाजूचा आहे. मुलेराने तेच तीन किलोमीटर कापले, तेच ३५ अडथळे पार केले आणि ते सगळं जर्सी अंगात ठेवून केलं. नियम पाळणाऱ्याने नियमाचा आधार घेतला तर त्याला कोत्या मनाचा ठरवायचं, ही आपली जुनी खोड आहे.

एका कापडाचा एवढा बाऊ का

‘जर्सी काढल्याने त्याला फायदा काय झाला?’ हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो रास्त आहे. फायदा शून्य. उलट तोटाच, जर्सी काढताना वेग कमी होतो, श्वास बिघडतो. मग शिक्षा एवढी कडक का?

उत्तर जर्सीत नाही, जर्सीवर पिनांनी लावलेल्या कागदात आहे. चेस्ट नंबर. धावपटूने आपला क्रमांक दिसेल असा छातीवर आणि पाठीवर लावायचा आणि तो न दाखवता स्पर्धेत भाग घ्यायचा नाही, असा नियम आहे. पंचांसाठी धावपटू म्हणजे चेहरा नव्हे, क्रमांक. वळणावर कुणाचं पाऊल रेषेच्या आत पडलं, पाण्याचा अडथळा कुणी चुकवला, कुणी कुणाला ढकललं, हे सगळं कागदावर उतरतं ते त्या क्रमांकानेच. कपडे आक्षेपार्ह वाटतील अशा रीतीने घालू नयेत, असाही वेगळा नियम आहे. शेवटच्या अडथळ्याच्या अलीकडे जर्सी तोंडात धरलेला माणूस नियमाच्या भाषेत ओळख नसलेला धावपटू असतो. आणि शर्यत अजून चालू असते.

‘चालू असते’ हीच सगळी गोम आहे. हीच जर्सी त्याने रेषेच्या पुढे एक मीटरवर काढली असती तर कुणाला काही देणंघेणं नव्हतं. केनियाचा इझेकिएल केम्बोई, मेखिसीचा जुना प्रतिस्पर्धी आणि दोन ऑलिंपिक सुवर्णांचा मानकरी, याहून मोठी नाटकं करायचा. २०११ मध्ये देगूच्या जागतिक स्पर्धेत तर तो शेवटच्या सरळ पट्ट्यात चक्क बाहेरच्या लेनपर्यंत तिरका धावत गेला, आणि रेषेनंतर नाचला. पण अंगातला क्रमांक जागेवर होता आणि अंतिम रेषा ओलांडेपर्यंत तो शर्यतीत होता. दिखाऊपणात दोघं सारखेच. फरक पडला तो वेळेच्या हिशेबाने.

इथे मला एक शंका येते. फुटबॉलमध्ये गोल केल्यावर जर्सी काढणं हे इतकं रुळलेलं दृश्य आहे की जिंकल्याचं चिन्ह म्हणून ते सगळ्या खेळांत पसरलं. फुटबॉलमध्ये २००४ पासून त्याला ठरलेलं पिवळं कार्ड आहे, पण गोल रद्द होत नाही. खेळाडू ती किंमत ठरवून मोजतो. मेखिसीने असा हिशेब केला असेल का, कुणास ठाऊक. पण मैदानावर त्याला आधी जे पिवळं कार्ड मिळालं, ते तशाच हिशेबातलं वाटतं. अडचण एवढीच की फुटबॉलमध्ये गोल आधी होतो आणि जर्सी मागून निघते. इथे जर्सी आधी निघाली, गोल व्हायचाच होता.

टाळता येण्याजोगं काय होतं

लवकर आनंद साजरा केल्याने शर्यत गमावण्याचा नेहमीचा प्रकार असा: पुढचा माणूस ढिला पडतो, मागचा झडप घालतो. झुरिकनंतर काही महिन्यांनी, एप्रिल २०१५ मध्ये, अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठाच्या एका धावपटूचं असंच झालं. शर्यत हीच, ३,००० मीटर स्टीपलचेस. घरचं मैदान, शेवटचा सरळ पट्टा. हात उंचावून तो प्रेक्षकांना चेतवत होता आणि वॉशिंग्टन विद्यापीठाच्या धावपटूने त्याला रेषेवर गाठून मागे टाकलं. तो व्हिडिओ जगभर फिरला, आणि तो पाहून आपण सगळे शहाणे झाल्यासारखे हसलो.

स्टीपलचेसमध्ये अशा ढिलाईला जागा किती कमी असते ते अविनाश साबळेच्या एका रौप्यावरून कळतं. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाच्या अब्राहम किबिवोटची वेळ ८:११.१५, साबळेची ८:११.२०. तीन किलोमीटर आणि ३५ अडथळ्यांनंतर फरक सेकंदाच्या विसाव्या भागाचा. साबळेने काही चूक केली असं नव्हे. पण हात वर करायला लागणारा वेळही त्या अंतरात बसत नाही.

मेखिसीचं प्रकरण मात्र या पठडीतलं नाही आणि म्हणून जास्त शिकण्यासारखं आहे. त्याला मागच्याची भीती नव्हती, ती असती तर त्याने जर्सीला हात लावला नसता. ‘मागे कोण आहे’ या प्रश्नाचं उत्तर ‘कुणीही नाही’ असं आलं, आणि त्याच्या मनातली शर्यत तिथेच संपली. धावपटू वर्षानुवर्षं शिकतात ते प्रतिस्पर्ध्याला हरवायला. प्रतिस्पर्धी हरला की काम संपलं, असं शरीराला वाटतं. पण अडथळ्यांच्या शर्यतीत दुसरा एक प्रतिस्पर्धी कायम असतो, तो म्हणजे आखणी: रेषा, तुळई, खड्डा, क्रमांक, हद्द. हा प्रतिस्पर्धी दमत नाही आणि मागेही पडत नाही.

टीव्हीवरच्या अडथळ्यांच्या स्पर्धा पाहताना हे आपल्याला जाणवत नाही, कारण तिथे चूक आणि शिक्षा एकाच क्षणी घडतात. जपानच्या सासुकेपासून निंजा वॉरियरपर्यंत सगळीकडे खाली पाणी असतं. हात सुटला, छपाक, संपलं. खेळाडूला आणि प्रेक्षकाला एकाच वेळी कळतं. ट्रॅकवरच्या स्टीपलचेसमध्ये चूक घडते आत्ता आणि तिचा आवाज येतो तासाभराने, एका टेबलावर, कागद सरकल्यावर. मधल्या वेळात खेळाडू झेंडा पांघरून फेरी मारत असतो. म्हणून या चुका शिकवायला अवघड जातात. शरीराला धडा मिळत नाही. मिळतो तो निकालपत्राला.

प्रशिक्षणाचा विचार केला तर माझ्या मते पोकळी इथे आहे: पाण्याच्या शेवटच्या अडथळ्यापर्यंतचं सगळं आखलेलं असतं. कोणत्या फेरीत किती वेग, कुठे बाहेरून निघायचं, तुळईवर कोणता पाय. शेवटच्या सरळ पट्ट्यात ‘जिंकत असशील तर’ काय करायचं, याचा सराव कुणी घेत नाही, कारण जिंकणं हा प्रश्नच नाही असं गृहीत असतं. माझा उपाय अगदी साधा आहे. सरावातली अंतिम खूण रेषेच्या दहा मीटर पुढे लावावी आणि तिथे पोचेपर्यंत हात कमरेच्या वर नेऊ नयेत, जिंकलेल्या दिवशीसुद्धा. हसू येईल, पण तुळईवरून पाय कसा टाकायचा हेही आधी असंच हसत हसत शिकावं लागतं.

आणि कॅमेरा. जर्सी दातांत धरून घेतलेली उडी हे दृश्य टीव्हीसाठीच जन्माला आलं होतं. रिकाम्या स्टेडियममध्ये कुणी असं करत नाही. पण ज्या कॅमेऱ्यापुढे ही मिरवणूक निघाली त्याच कॅमेऱ्याने पुरावाही दिला. नाकारायची सोयच नव्हती.

पुढे काय झालं

तीन दिवसांनी, १७ ऑगस्टला, त्याच स्टेडियममध्ये मेखिसी १,५०० मीटरच्या अंतिम शर्यतीत उतरला. त्याचा मूळ प्रकार हा नव्हे. ३:४५.६० वेळेत तो जिंकला. नॉर्वेचा हेन्रिक इंगेब्रिग्टसेन दुसरा, ब्रिटनचा ख्रिस ओ’हेअर तिसरा. जर्सी रेषेपर्यंत अंगात होती. चूक झाल्यावर तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच शर्यतीत सुवर्ण काढणं ही किती जणांची कुवत असेल? त्या माणसाबद्दल काहीही म्हणा, पण खचणाऱ्यांतला तो नव्हता.

खरा कलाटणीचा भाग दोन वर्षांनी आला. रिओ ऑलिंपिक, १७ ऑगस्ट २०१६. स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीत केनियाचा कॉन्सेस्लस किप्रुटो ८:०३.२८ या ऑलिंपिक विक्रमी वेळेत पहिला, अमेरिकेचा एव्हन जेगर दुसरा, केम्बोई तिसरा, मेखिसी चौथा. केम्बोईने शर्यतीनंतर निवृत्ती जाहीरही केली. मग आक्षेप आला, या वेळी फ्रान्सकडून. चित्रफीत पाहिली गेली: पाण्याच्या अडथळ्यानंतर केम्बोईचं पाऊल ट्रॅकच्या हद्दीबाहेर पडलं होतं. केम्बोई बाद, कांस्य मेखिसीला. झुरिकमध्ये चौथ्याच्या संघाने केलेल्या आक्षेपाने ज्याचं सुवर्ण गेलं, त्याला रिओत चौथ्या क्रमांकावरून तसल्याच कागदाने पदक मिळालं. नियम एकदा अंगावर शेकला की तो पाठ होतो म्हणतात. इथे आख्ख्या संघाला पाठ झाला असावा.

केम्बोईची चूक मेखिसीच्या चुकीसारखी नाही, हे सांगायला हवं. एक पाऊल, थकव्याच्या भरात, पाण्यातून बाहेर येताना. ती दिखाव्याची नव्हती आणि बहुधा त्याला स्वतःला कळलीही नसेल. तरी शिक्षा तीच. नियमाला हेतू मोजता येत नाही, पाऊल मोजता येतं.

तिसरा प्रकार २०१७ च्या लंडन जागतिक स्पर्धेत दिसला, आणि तो मला अजून अस्वस्थ करतो. केनियाची बिअट्रिस चेपकोएच महिलांच्या अंतिम शर्यतीत पुढच्या घोळक्यात होती. स्टीपलचेसमध्ये सुरुवातीचा तुकडा अडथळ्यांशिवाय धावायचा असतो, आणि पाण्याचा अडथळा आला की वळणावर नेहमीचा ट्रॅक सोडून त्याच्याकडे वळावं लागतं. चेपकोएच पहिल्या पाण्याच्या अडथळ्याला वळलीच नाही, सरळ पुढे गेली. लक्षात आल्यावर मागे फिरली, खड्डा पार केला आणि पुन्हा धावू लागली. शेवटी ती ९:१०.४५ वेळेत चौथी आली. कांस्यपदकाची वेळ होती ९:०४.०३. वर्षभराच्या आत, जुलै २०१८ मध्ये, तिने मोनॅकोत ८:४४.३२ चा विश्वविक्रम केला, जुना विक्रम आठ सेकंदांहून जास्त फरकाने मोडून. म्हणजे पायांत काय होतं ते दिसलंच. लंडनमध्ये कमी पडलं ते अवधान, तेही एका वळणापुरतं. पण ती मागे फिरली, हे महत्त्वाचं. तशीच पुढे धावत राहिली असती तर चौथा क्रमांकही राहिला नसता. चूक ध्यानात येताच तिथल्या तिथे भरून काढण्याचा मार्ग तिच्यापाशी होता. जर्सी काढलेल्या माणसालाही तो होता, खरं तर. रेषेच्या आत पुन्हा अंगात घालायची. पण दातांत जर्सी असताना असलं काही सुचत नाही.

मेखिसीने युरोपीय स्टीपलचेसचं सुवर्ण पुढे २०१६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला जिंकलं, २०१८ मध्ये बर्लिनलाही जिंकलं. विजेत्यांची यादी वरून खाली वाचत गेलं की २०१०, २०१२, २०१६, २०१८ या चारही ठिकाणी त्याचंच नाव येतं. मधे २०१४ पाशी कोवालचं नाव आहे, आणि ज्याला ती संध्याकाळ माहीत नाही तो वाचणारा समजतो की त्या वर्षी मेखिसी जखमी असेल किंवा आलाच नसेल.